आत्याच्या हापशीचं पाणी पुण्याला आणताना

व्हिडिओ कॉलवर आत्याची नात पिहू तोंडावर हात धरून हसली. हात काढायला लावला, तर आठ वर्षांच्या पोरीचे नवे दात पिवळट, तपकिरी पट्ट्यांचे. कोथरूडच्या आमच्या डेंटिस्ट बाई फोटो पाहून म्हणाल्या, "अहो, घासून नाही जाणार हे. पाण्यात फ्लोराइड आहे का बघा. मागच्या दाढा अजून हिरडीत आहेत, त्या तरी वाचतील."

मी आयटीत टेस्टर. दोष सापडेपर्यंत चैन पडत नाही. लगेच रजा टाकली.

नागपूरकडच्या गाडीने बडनेरा, तिथून एसटीने यवतमाळ, पुढे आत्याच्या गावापर्यंत काळीपिवळी. ती भरेपर्यंत ड्रायव्हर चहा पितो, आपणही प्यावा. यवतमाळच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे खा. मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नपेक्षा कितीतरी स्वस्त, मात्र तर्रीला दयामाया नाही. आणि नमुना आणायचा असेल तर बाटली प्लॅस्टिकची न्या, फ्लोराइडला काच चालत नाही. आधी हापशी पाच मिनिटं चालवायची, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, मग भरायची.

जय भीम झालं, वांग्याची भाजी-भाकरी झाली. मी हात धुऊन येईपर्यंत आत्याने बाटली भरूनही ठेवली होती. हाताला गारेगार लागली.

"आत्या, हे हापशीचं आहे?"

"कॅनचं हाये वं. तू येनार म्हनून बोलावला."

"मला हापशीचंच हवंय."

आत्याने तोंड फिरवलं. "थे नेऊन का करतं? पुन्याचे लोक म्हनतीन, यायच्या वस्तीतलं पानीच खराब. लय आयकलं मी थे लहानपनी."

माझी मलाच लाज वाटली. मी कर्वेनगरच्या सोसायटीत वाढले, मला हे कधी कोणी ऐकवलं नव्हतं. म्हटलं, "आत्या, दोष जमिनीखालच्या दगडाचा आहे, आपला नाही. आणि पिहूच्या दाढा यायच्यात अजून."

आत्याने पदर खोचला. पाच मिनिटं एकटी हापसत राहिली, मला दांड्याला हात लावू दिला नाही.

तुलनेसाठी वरच्या आळीतल्या विहिरीचं पाणीही हवं होतं. तिथे आत्या आली नाही. विहिरीवरचे एक काका म्हणाले, "तुमच्या वस्तीत हापशी हाये न?"

"आहे. दोन्ही तपासायचंय," म्हटलं आणि बादली आत सोडली. ते नुसते बघत राहिले.

पुण्यात आल्यावर चार दिवसांनी अहवाल आला. हापशीत फ्लोराइड मर्यादेपेक्षा बरंच जास्त. विहिरीत ते मर्यादेत, पाणी उकळून घेतलं तर पिण्याजोगं. वस्तीला चांगलं पाणी द्या, असा अर्ज अहवालासकट नगरपंचायतीला पाठवलाय आणि रोज फोन करते. त्यांना माझा कंटाळा येईल, मला यायचा नाही.

पण तोवर हापशी बंद म्हणजे रोज त्या विहिरीवर जायचं, हे आत्याला फोनवर सांगताना माझीच जीभ अडखळली.

"माही माय त्या विहिरीवर कधी चढली नाही," आत्या एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला. "दोन घागरी आनल्या. पिहूलेही संगं नेलं होतं."

"कोणी काही बोललं?"

"पायत होते सारे. मी म्हटलं, सरका, पोरीले पानी काढू द्या."