दोन लाल चिठ्ठ्यांचा दाखला

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात तातडीचं काम आलं की सगळ्यात आधी चहा सांगितला जातो. नाशिकच्या या कॉलेजात चौदा वर्षं कारकुनी केल्यावर, घाई झाली की कोण काय करणार, हे मी डोळे मिटून सांगू शकते. आमचे हेडक्लार्क चष्मा पुसायला घेतात. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम फोन उचलून "आत्ता फार अर्जंट चाललंय, नंतर बोलते" असं पाचसहा जणांना आवर्जून कळवतात. त्यांच्यापैकी कुणी फोन केलेलाच नसतो. आणि मी कपाळाला आठ्या घालून इकडून तिकडे भरभर चालते. हातात कागद असला म्हणजे झालं.

मग त्या कागदाला लाल चिठ्ठी टाचली जाते. तातडी लगेच कळावी, हा हेतू. गंमत अशी, की साध्या कागदांवर आमचे प्राचार्य उभ्या उभ्या, फोनवर बोलता बोलता सह्या करून मोकळे होतात. लाल चिठ्ठी दिसली की मात्र खुर्चीत बसतात, कागद पहिल्यापासून वाचतात आणि त्या चिठ्ठीवर लिहितात, 'चर्चा करावी'. चर्चेला आम्ही तिघं आणि जुनी रजिस्टरं लागतात, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशीच होते. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, तरी चिठ्ठ्या लावतच होतो. न लावावी तर उद्या हलगर्जीचा ठपका आपल्यावर यायचा.

गेल्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत पेठ तालुक्यातली एक मुलगी वडिलांना घेऊन आली. बारावी आमच्याकडेच झालेली, नर्सिंगला नंबर लागलेला. कॉलेज सोडल्याचा दाखला पाच वाजेपर्यंत ऑनलाइन चढवायचा होता, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. दोन वाजले होते. वडील बाकावर बसले. ती टेकलीसुद्धा नाही, मोबाइल घट्ट धरून काउंटरशी उभी राहिली.

हेडक्लार्क मनाचे मोठे. त्यांनी स्वतः बसून दाखला तयार करवून घेतला आणि पोरीची घालमेल बघून त्याला एक सोडून दोन लाल चिठ्ठ्या लावल्या. "डबल अर्जंट," ते म्हणाले. मॅडमनी ही बातमी फोनवर कुणाला तरी दिली. चहा आला.

साडेतीनला दाखला प्राचार्य सरांच्या केबिनमधून परत आला. सही नव्हती. दोन्ही चिठ्ठ्यांवर स्वतंत्रपणे 'चर्चा करावी' लिहिलेलं होतं.

"आता सर चारला मीटिंगला निघतील," हेडक्लार्क हळूच मला म्हणाले. "उद्या सकाळी पहिलं हेच घेऊ."

मुलीनं ते ऐकलं. तिनं वडिलांकडे बघितलं. ते मुकाट्यानं उठले आणि टोपी नीट करून दाराकडे निघाले. मला संताप आला, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या त्या निमूट निघण्याचाच जास्त आला.

"बसा हो तुम्ही!" मी जवळजवळ ओरडलेच. दोन्ही चिठ्ठ्या उपटल्या, दाखला बोनाफाईडच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवला आणि आत गेले. दाखला नियमात चोख होता, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. सर बॅग आवरत होते, फोन कानाशी.

"रोजच्या सह्या आहेत, सर."

तीसेक सह्या दोन मिनिटांत झाल्या. मुलीच्या दाखल्यावर तर त्या दिवसातली सगळ्यात सुबक सही पडली.

चार वाजून वीस मिनिटांनी दाखला चढला. मी स्वतः स्कॅन केला. पोरगी हसत हसत पोचपावतीची प्रिंट काढायला पळाली. हेडक्लार्क मॅडमना म्हणाले, "बघितलंत? दोन चिठ्ठ्या लावल्या म्हणून झालं." मी स्वतःवर इतकी खूश होते, की ते श्रेय त्यांना खुशाल देऊन टाकलं.

तेवढ्यात वडील काउंटरशी आले. त्यांनी हात जोडले.

"ताई, लय उपकार झाले. थोरलीच्या टायमाला नाय जमलं बघा. दोन वर्सांमागं असंच आलो व्हतो. तिलाबी नर्सिंगच भेटलं व्हतं. तवा तुमीच लाल चिठ्ठी लावून कागद आत धाडला व्हता. दाखला भेटला दुसऱ्या दिवशी."

"मग?"

"मंग काय, जागा गेली. लगीन करून दिलं तिचं. हिच्यापरीस हुशार व्हती ती."

त्यांच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. ते माझे आभार मानायलाच आले होते. मी त्या थोरलीचा चेहरा आठवायचा खूप प्रयत्न केला. आठवला नाही.