टाऊन हॉलच्या बागेत धरून ठेवलेली जागा

नागपूरला फिरायला म्हणून कोणी जात नाही, मीही गेले नव्हते. बाबा दिवाळीआधी वारले. त्यांचे जिवलग मित्र मेश्रामकाका यांना हे कळवायचं राहिलं होतं. बाबांच्या फोनमधला त्यांचा नंबर बंद लागत होता. शेवटी रात्रीची गाडी धरली.

सकाळी सीताबर्डीत एका साध्या लॉजवर सामान टाकलं आणि समोरच्या टपरीवर तर्री पोहे खाल्ले. जाल तेव्हा नक्की खा, पण तर्रीचा झणझणीत रस्सा बेतानं घ्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बरंच झालं, तर्रीवर ढकलता आलं.

महाल भागातल्या टाऊन हॉलला जायला ऑटोवाल्यानं दीडशे सांगितले. घासाघीस केली तर शंभरात येतो.

टाऊन हॉलच्या दाराला कुलूप होतं. जाड भिंती, उंच खिडक्या, काचांवर धूळ. इथल्या व्याख्यानांना बाबा आणि काका दोघं यायचे. जो आधी पोचेल त्यानं शेजारच्या खुर्चीवर खांद्यावरचा दुपट्टा टाकून दुसऱ्याची जागा धरायची. निवृत्तीनंतर खुर्चीऐवजी बागेतला बाक आला. बाबांना मी पुण्याला नेलं, तोवर हे रोज चालायचं.

बाग उदास होती. गवत वाळलेलं, कारंजं कोरडं. कडुनिंबाखालच्या बाकावर काका दिसले. फार वाळले होते. मी शेजारी बसायला गेले.

"तिथं नको बसू वं पोरी. तिथं माणूस येऊन राहिला."

बाकावर दुपट्टा पसरलेला होता.

"जय भीम, काका. ओळखलंत का?"

त्यांनी चष्मा वर केला. "अगं, तू! तुझा बाप कुठं हाय? त्याले फोन तरी कसा लावू? माहा फोन हरपला, नंबरच गेले सारे."

गाडीत रात्रभर जुळवलेली वाक्यं विसरले. "बाबा गेले, काका."

ते हॉलकडे बघू लागले. "मले तर वाटलं, पुण्यात रमला," एवढंच म्हणाले. मला रडू आवरेना.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेले एक गृहस्थ आले. "कोणी बसून राहिलं का इथं?"

काकांनी दुपट्टा उचलला, नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवला. "नाही. बसा."

ते गृहस्थ बसले. बाबा गेले हे मला तेव्हा खरं वाटलं.

पुण्याला येऊन आठवडा झाला. बाबांच्या खुर्चीवर त्यांची शाल अजून तशीच आहे. काल शेजारच्या काकू आल्या आणि तिथं टेकायला लागल्या.

"तिथं नको," मी म्हणाले.