बाटलीत मावत नाही तेवढा पाऊस

शेवटचं आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून जे काम केलं ते पाऊस मोजायचं. श्रावणातली सकाळ, घड्याळात साडेआठ. ती इरलं पांघरून परसातल्या कुंपणात गेली, पाऊस मोजायच्या यंत्राचं नरसाळं काढलं, आतली बाटली पडवीत आणली आणि काचेच्या मापात ओतून ओतून मोजायला लागली. मी वही मांडीवर घेऊन बसलेलो. माप वीस मिलिमीटरचं. एक भरलं की एक चिंचोका पायरीवर ठेवायचा, ही तिची रीत. पाच चिंचोके झाले. राहिलेलं पाणी ओतून तिनं माप डोळ्यांसमोर धरलं.

"पाच आनि वर अठरा. एकशे अठरा लिवा."

"अठरा का साडेअठरा? नीट बघ."

"डोळं तुमचं गेल्यात, माजं न्हाई. लिवा गुमान."

मी लिहिलं. तिनं बाटली जागेवर ठेवली, नरसाळं बसवलं, चिंचोके डबीत भरले. एवढंच.

हे काम आमच्याकडं आलं ते बहात्तरच्या दुष्काळानंतर. तेव्हा सरकारला पाण्याची आणि मातीची एकदम आठवण झाली होती. पुण्याच्या एका कॉलेजातले भूगोलाचे सर मुळशीत यायला लागले. इथल्या उतारांवरून पावसाबरोबर किती माती वाहून जाते, याचा त्यांना शोध घ्यायचा होता आणि त्याला सरकारी निधी मिळाला होता. सर एसटीनं यायचे, गुडघाभर चिखलात उतरायचे, आमच्यात भाकरी खायचे. त्यांनी परसात यंत्र बसवलं. मी चौथी झालेलो, म्हणून लिहिणार मी. तिला अक्षर येत नव्हतं, पण आकडे कळायचे आणि नजर घारीची, म्हणून बघणार ती. पाणी काचेला कडेनं वर चढतं, ती कड धरायची नाही, मधल्या खळग्याची रेघ धरायची, असं सरांनी एकदाच सांगितलं. तिला तेवढ्यात कळलं. मला आजही धड कळलेलं नाही.

गावानं तिला पावसाची तलाठीण केलं. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "काय तलाठीणबाई, आज ढगाच्या नावावर किती चढवलं?"

ही म्हणायची, "तुज्या घरावरचा येगळा मोजून देऊ का?"

चौथ्या वर्षी आमच्याच म्हशीनं लाथ झाडली आणि यंत्राच्या खालच्या डब्याला तडा गेला. बाटलीत मावतो दोनशे मिलिमीटर. त्यावर पडला तर सांडून खालच्या डब्यात साठतो, तोही मोजायचा असतो. डबा फुटल्यावर सांडलेलं सगळं जमिनीत जायला लागलं. आणि आमच्याकडं आषाढात दिवसाला दोनशे म्हणजे काही फार नव्हे. मी पुण्याच्या कचेरीला पत्र टाकलं, डबा पाठवा. उत्तर आलं, दुरुस्तीसाठी चालू वर्षी तरतूद नाही. पुढच्या वर्षी पुन्हा टाकलं. तेच उत्तर, कागद फक्त नवा. पाऊस मोजायला पैसा होता, पाऊस धरायच्या डब्याला नव्हता.

मग तिनंच तोड काढली. दुपारी एकदा आणि दिवेलागणीला एकदा बाटली मोजून रिकामी करायची, आकडे ध्यानात ठेवायचे आणि सकाळच्या आकड्याबरोबर मला सांगायचे. लावणी चालू असली तरी खाचरातनं तशीच चिखलाच्या पायानं यायची. मी म्हणायचो, "सरकार बघाय येतंय व्हय?"

"मी बघतीया न्हवं," म्हणायची.

चूक माझी झाली. छापील तक्त्यात दिवसाला एकच चौकोन होता. मी तिन्ही आकड्यांची बेरीज करून त्यात टाकायचो. शेजारी शेऱ्याचा रकाना होता. त्यात 'तीन वेळा मोजला' एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण शेरा मास्तर मारतात, शेरा साहेब मारतो, एवढंच मला ठाऊक. आपल्यासारख्यानं त्या रकान्यात हात घालायचा नसतो असं मी धरून चाललो. सरांना भेटल्यावरही बोललो नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच डोक्यात आलं नाही.

साहेबानं मारलाच शेरा. एक दिवस टपालानं जुन्या तक्त्यांच्या नकला परत आल्या. जिथं जिथं दोनशेच्या वर आकडा, तिथं तिथं लाल शाईत 'शंकास्पद'. खाली लिहिलेलं, डबा फुटका असताना बाटलीत मावतो त्याहून जास्त पाऊस नोंदवला आहे, सबब हे आकडे धरू नयेत.

"लाल काय लिवलंय?" तिनं विचारलं.

"शंकास्पद."

"म्हंजी?"

"म्हंजी त्यास्नी खरं वाटत न्हाई."

तिनं त्या लाल अक्षरांवरनं बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी भिजून मोजला. त्ये सुक्यात बसून न्हाई म्हणत्यात."

दोन एसट्या बदलून मी कचेरीत गेलो. कारकुनाला सगळं सांगितलं, डब्याचं, बेरजेचं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "बाबा, ती योजना बंद झाली. फाईल दप्तरात गेली."

"मग चूक दुरुस्त कोन करनार?"

"बंद योजनेतली चूक दुरुस्त करायला माणूस नसतो, बाबा."

त्यानंतर सर एकदाच आले. या खेपेला जीपनं. आता भूगोलात उपग्रहाच्या फोटोंचं काम निघालंय, निधी सगळा तिकडं गेलाय, असं म्हणाले. मोठा गुळगुळीत फोटो त्यांनी पडवीत उलगडला. नुसता पांढरा.

"ह्ये काय?" ती म्हणाली.

"मुळशी आहे, मावशी. पावसाळ्यातली. वर ढग आहेत ना, म्हणून पांढरी दिसते."

"म्हंजी चार म्हैनं वरनं तुमाला आमी दिसत न्हाई."

"नाही दिसत."

"मग कुनीतरी ढगाखाली बसाय नगं का?"

सर हसले, पण पुरतं हसले नाहीत. "तुमचं बरोबर आहे, मावशी. पण ज्याला पैसा मंजूर होतो तेच काम करावं लागतं आम्हाला. नरसाळं-बाटली म्हटलं की आता अर्ज बाजूला ठेवतात."

मी म्हणालो, "तुमी काय बी करा. हिच्या आकड्यावरचं लाल तेवढं पुसा."

माझी बेरजेची गोष्ट ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "साध्या वहीत मोजणी चालू ठेवा. तिन्ही आकडे वेगवेगळे लिहा, आणि शेरा तुम्हीच लिहा, तो तुमचाच असतो. पुढं कुणी बघितलं तर आधीचेही आकडे खरे होते हे त्यावरून कळेल." मग गेले ते गेले. त्यांचा राग नाही असं मी म्हणणार नाही. चिखलात उतरणारा माणूस होता, त्याला वर ढगात नेऊन बसवला.

मानधन बंद झालंच होतं. मी म्हणालो, यंत्र उचलून माळ्यावर टाकू. ती म्हणाली, "लाल पुसल्याबिगार न्हाई." मी शाळेच्या वहीत रकाने आखले. सकाळ, दुपार, दिवेलागण, शेरा. दोन वर्षं एक खाडा नाही. शेरा लिहायची वेळ कधी आली नाही, तो रकाना कोराच.

त्या श्रावणातल्या सकाळी चिंचोके डबीत भरून ती मागच्या दारी भांडी घासायला गेली. थोड्या वेळानं आत आली, छातीवर हात ठेवून म्हणाली, "जरा टेकते." भिंतीला टेकली. दवाखाना पौडला. एसटी येईपर्यंत ती थांबली नाही. पाऊस दिवसभर कोसळत होता. लाकडं ओली, रॉकेल ओतून ओतून पेटवावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. साडेआठ झाले तसा मी वही घेऊन उठलो. धाकटी भावजय म्हणाली, "भावजी, आज ऱ्हाऊ द्या की."

मी कुंपणात गेलो. नरसाळं काढलं. बाटली काठोकाठ भरून सांडलेली. आदल्या दुपारी ती कुणी ओतली नव्हती, दिवेलागणीलाही नाही. किती जमिनीत गेला ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. पडवीत बसून मी मापं भरली, एकेक चिंचोका पायरीवर ठेवला. दहा झाले. दहावं माप डोळ्यांसमोर धरलं, तर मी कड बघतोय की मधला खळगा, तेही मला उमजेना.

दुपारचा रकाना रिकामा सोडला, दिवेलागणीचा सोडला. सकाळच्या रकान्यात दोनशे लिहिलं. मग शेऱ्याच्या रकान्यात, पहिल्यांदाच, माझ्या हातानं लिहिलं, 'सांडला. मी मोजला. शंकास्पद.'

बाटली जागेवर ठेवली, नरसाळं बसवलं, चिंचोके डबीत भरले.