राब समजून भाजलेला वाफा

सुनेने जिवापाड जपलेल्या अळूच्या वाफ्याला मी स्वतःच्या हाताने काडी लावली, आणि वर शाबासकी घ्यायला तिची वाट बघत बसले. नवी नवी सासू झाले होते तेव्हा. नवी सूनसुद्धा मिरवत नाही एवढी मी मिरवत होते. आपल्याला सगळं येतं, हा माझा त्या काळातला मुख्य आजार.

सून लातूरकडची. शहरात बावधनला फ्लॅट, ऑफिसातली नोकरी. दर शनिवारी ती आणि माझा मुलगा आमच्या गावी, मालेला यायची. घर बांधताना जेसीबीने मागच्या अंगणातली चांगली माती ओढून नेली होती. उरला होता नुसता तांबडा मुरूम. कुदळ मारली तर ठिणगी उडावी असा. नेमका तोच तुकडा तिने मागितला. "गॅलरीतल्या कुंड्यांना कंटाळले, आई. मला एवढी जमीन द्या."

आमच्या ह्यांना तिथे कोबा करायचा होता, भाडेकरूंच्या गाड्या लावायला. सुनेला थेट नाही म्हणवेना, म्हणून मला म्हणाले, "तिला म्हनावं, पावसाच्या आत त्या मुरमात हिरवं दिसलं तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर मी कोबा करनार."

दिवाळी झाल्यावर तिने न्हाणीच्या पाण्याकाठच्या अळकुड्या, म्हणजे अळूचे कंद, उपटून तिथे लावल्या आणि वर केळीची सुकी पानं, झावळ्या, गवत यांचा जाड थर घातला. "पॅसिफिक महासागरात पॉलिनेशियाची बेटं आहेत, तिथली जुनी रीत आहे ही. ती माणसंही अळू लावतात. पण माती उघडी ठेवत नाहीत. एक थर कुजला की त्यावर दुसरा. ओल टिकते, गांडुळं येतात."

मी "हो का, हो का" करत होते, डोळे मालिकेत. कुठल्या बेटांवरची माणसं माझ्या सुनेला शेती शिकवणार, आणि मी पिढीजात शेतकरीण इथे पाय पसरून बसलेली!

फाल्गुन लागला, तरी वाफ्यात हिरवं काही दिसत नव्हतं. आमच्याकडे भाताची रोपं जिथे करायची त्या जागेवर पाला, फांद्या, शेण पसरून पेटवतात. त्याला राब भाजणं म्हणतात. जमिनीवर पसरलेला पाला दिसला की आमचा हात आपोआप काडेपेटीकडे जातो. मागच्या दारी तो थर बघून मी मनात म्हटलं, पोरीने राब रचला छान, पण भाजायचा विसरली. शहरातली ना! वारा बघून, कडेने पाणी मारून, अगदी रीतसर पेटवला.

शनिवारी ती आली. "बघ, तुझं राहिलेलं काम उरकून टाकलं," मी म्हटलं.

ती राखेत बसली आणि उकरायला लागली. तेव्हा कुठे मला आठवलं की आत अळकुड्या आहेत. वरवरच्या सगळ्या खरपूस भाजल्या होत्या. तिने एक सोलली, आतून मीठ आणलं आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"खा आई. त्या बेटांवरही भाजून खातात."

रडली असती तर परवडलं असतं. मी ती अर्धी खाल्ली. आणि खोटं कशाला सांगू, चव चांगली होती.

खोलवरच्या काही अळकुड्या वाचल्या होत्या. तिने राख मुरमात कालवून त्या पुन्हा लावल्या. पण झाकायला पाला कुठून आणायचा? त्या दिवसांत गावातला सगळा पाला राबाला गेलेला असतो.

"तू जा बावधनला. पाल्याचं माझ्याकडे लागलं," मी म्हटलं.

ह्यांनी भातखाचराच्या बांधावर राबासाठी ऐनाच्या झाडांचा पाला तोडून ढीग रचला होता. ते दुपारी आडवे झाले की मी पाटी घेऊन निघायची.

"ढीग खाली बसतोय गं," ते एकदा म्हणाले.

"वाळतोय, मग बसनारच की."

पुढे मला हावच सुटली. पेंढा, शेंगांची टरफलं, भाजीची देठं, दिसेल ते वाफ्यावर. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "मातीला गोधडी शिवतीस व्हय गं?"

"व्हय. तुज्या कोंबड्या आवर आधी, टाके उसवत्यात त्या."

वैशाखात सिमेंटची पोती येऊन गोठ्यात पडली. मी रोज सकाळी पाला उचलून बघायची, काही नाही. फोनवर सून विचारायची, "आलं का काही?" मी म्हणायची, "येईल गं." स्वतःचा विश्वास नसतानाही म्हणायची. आणि एका सकाळी पाल्यातून एक हिरवी सुरळी वर आली. पलीकडे दुसरी. मी ह्यांना हाताला धरून आणलं.

त्यांनी कोंबाकडे नुसतं बघितलं, मग गुडघ्यावर बसून पाला बाजूला सारला. खालचा मुरूम काळपट, ओला झालेला. बोट घातलं तर आत गेलं. एक गांडूळ वळवळत निघालं. त्यांनी एक अर्धवट कुजलेलं पान उचलून माझ्यापुढे धरलं.

"हा ऐनाचा पाला माज्या ढिगातला हाय."

"वाऱ्यानं आला आसंल."

त्यांनी मूठभर माती नाकाशी नेली, हुंगली, परत जागेवर ठेवली, वर पाला ओढला आणि निघून गेले. संध्याकाळी पाय धुता धुता म्हणाले, "सिमेंट दिलं देवळाच्या पायऱ्यांला. गाड्या लावू देत रस्त्याकडंला, त्या काय पावसात इरघळत न्हाईत. आन् तिला फोन लाव, म्हनावं गोठ्यामागचा मुरूम बी तूच घे."