विचाराला एक दिवस

मोठा रस्ता सोडून जंगलाकडे जाणारा फाटा जिथे फुटतो, तिथे त्याचं पंक्चरचं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, दारात टायरांची चळत, पाण्याचं घमेलं आणि गिऱ्हाइकाला बसायला उपडा घातलेला क्रेट. नदीकाठच्या पायवाटेनं डोहापर्यंत चालत जायला शहरातून माणसं यायची आणि फाट्यावर गाडी थांबवून हमखास विचारायची, "किती लांब आहे हो?" हा मान वर न करता सांगायचा, "हे काय, आलंच." इतक्या वर्षांत उत्तर बदललं नाही, म्हणून लोकांनी त्याचं नावच 'आलंच' ठेवलं.

आलंच नुसतं अंतर सांगून थांबणाऱ्यातला नव्हता. "बंद गिरणी लागली की डावीकडे वळा. वाट सुरू होते तिथे लाकडी फाटक. मग तिरकं झाड, मग तीन धोंडे, नदी कायम डाव्या हाताला, शेवटी झुलता पूल. पूल ओलांडला की डोह." ऐकणाऱ्याला वाटायचं, हा रोज सकाळी तिथेच आंघोळ करत असणार. खरी गोष्ट अशी की, हा गृहस्थ त्या वाटेवर एकदाही गेला नव्हता. परतीच्या गाड्या पंक्चर व्हायच्या, क्रेटवर बसून माणसं वर्णन करायची आणि पाठ होईपर्यंत हा कान देऊन ऐकायचा. फुकट सगळं कळतंय तर पाय कशाला दुखवायचे, असा त्याचा सरळ विचार.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. घोळ झाला तो लग्नापायी. मुलगी पाहून आल्यावर त्यानं निरोप दिला होता, "विचाराला एक दिवस द्या." तो दिवस गेला एका ट्रकच्या टायरशी झटापट करण्यात. संध्याकाळी मुलीचा मामा दुकानात आला, तेव्हा काळ्या हातांनी त्यानं "हो" म्हणून टाकलं. लग्नानंतर महिन्याभरात बायकोनं सहज विचारलं, "त्या दिवशी काय विचार केलात?" आता नव्या नवरीला ट्रकचं टायर कोण सांगेल? आलंचनं लोणकढी थाप मारली. "डोहावर गेलो. एकटाच. एका दगडावर दिवसभर बसलो, पाण्याकडे बघितलं आणि ठरवलं." बायकोनं त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्या नजरेसाठी माणूस आणखी चार थापा मारेल.

तो दगड मग संसारातच येऊन बसला. बायको घरी शिलाईकाम करायची. मापं द्यायला आलेल्या बायका, पुढे मुलगी, आणखी पुढे जावई, सगळ्यांना तिनं दगडाची गोष्ट सांगितली. आणि वर्षाकाठी एकदा तरी म्हणायची, "मला एकदा दाखवा ना तो दगड." हा म्हणायचा, "दाखवू की. हे काय, इथंच तर आहे." पण कधी मुलगी लहान, कधी तिची परीक्षा, कधी दुकानाचं छप्पर. शेवटी बायकोचा गुडघा दुखायला लागला आणि त्या गुडघ्यानं आलंचला सात वर्षं वाचवलं.

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता खुशाल डोंगर चढा."

"डोंगर नको," बायको म्हणाली. "दगड."

रविवारी सकाळी तिनं डबा भरला, काठी घेतली आणि दुकानाला स्वतःच्या हातानं कुलूप घातलं.  आता घरात एकोणतीस वर्षं जपलेली एकुलती एक गोष्ट खोटी आहे, हे सांगायचं कसं?

लोकांना सांगायचा त्याच खुणांवर विसंबून त्यानं स्कूटर काढली. सहा किलोमीटर झाले, आठ झाले, बंद गिरणी काही दिसेना. डांबर संपलं, खडीही संपली आणि रस्ता सरळ एका घराच्या अंगणात जाऊन थांबला. एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. वळूनही न बघता ती म्हणाली, "डोहाला ना? मागं फिरा. पाण्याची टाकी लागेल, तिथून वळा."

"पण ती बंद गिरणी?"

"पाडून बारा वर्षं झाली. फाट्यावरचा कुणी पंक्चरवाला अजून गिरणीच सांगतो. दर रविवारी चार-पाच गाड्या माझ्या अंगणात. एकदा भेटू दे तो मला."

आलंचनं स्कूटर अशी झटक्यात वळवली की डबा पडता पडता राहिला. बायको टाकीपर्यंत गप्प होती. तिचं बोलणं परवडतं पण गप्प बसणं परवडत नाही, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

वाटेच्या तोंडाशी लाकडी फाटकाच्या जागी लोखंडी होतं. तिरकं झाड कधीच आडवं झालं होतं. दोघं झाडीतून चालायला लागली, ती काठी टेकत पुढे, हा पिशवी घेऊन मागे.

"अहो, नदी डाव्या हाताला सांगता ना तुम्ही? ही तर उजवीकडे आहे."

सांगणारे सगळे परतीचे होते, हे आलंचच्या डोक्यात आत्ता आलं. "नद्या पात्र बदलतात," तो म्हणाला.

झुलत्या पुलापाशी बायको थांबली. चेहरा लाल झाला होता, गुडघ्यावर हात होता, पण डोळे लग्नानंतरच्या त्या पहिल्या महिन्यातले होते. "पूल ओलांडला की तुमचा दगड. कुठल्या बाजूला?"

नदीकाठी दगडांना काय तोटा? बोट दाखवलं असतं तर भागलं असतं. पण त्या डोळ्यांपुढे त्याचं बोटच उचलेना. "अगं, मी इथं कधी आलोच नाही," तो म्हणाला, आणि ट्रक, टायर, मामा, सगळं सांगून मोकळा झाला.

बायको मटकन खाली बसली. "एकोणतीस वर्षं मी जगाला सांगत फिरले." मग काठी बाजूला ठेवत, "म्हणजे विचार केलाच नव्हता."

"टायर फार मोठं होतं."

"मग आत्ता करा. जा पलीकडे. मी बसते इथं."

बायकोनं हुकूम सोडल्यावर करतो काय? दोन्ही दोर घट्ट धरून, डोळे अर्धे मिटून आलंच पलीकडे गेला आणि डोहाकाठच्या पहिल्याच दगडावर बसला. विचार करायची सवय नव्हती, म्हणून आधी काही सुचेना. मग आठवलं, तो दोन महिने आजारी होता तेव्हा हिनं शिलाईची मशीन झाकून ठेवली आणि दुकानात बसून ट्यूबना ठिगळं लावली होती. त्या दिवशी मामाला आपण कंटाळून "नाही" म्हटलं असतं, तर? त्याला रडू आलं. तोंड धुऊन तो घाईघाईनं परतला. येताना पूल हलतोय हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

"ठरलं. हो."

बायको उठली आणि काठी सावरत पुलाकडे निघाली. "आता तुम्ही बसा."

"तू कुठं निघालीस?"

"विचार करायला. तुम्हाला एक दिवस मिळाला होता. मला कुणी विचारलं तरी होतं का? तुम्ही बघून गेलात, मला घरचे म्हणाले, कप उचल."

आलंच बसला. पहिली दहा मिनिटं त्याला गंमत वाटली. अर्ध्या तासानं त्याच्या मनात आलं, होकारच येईल असं कशावरून? गिरणी, नदी, दगड, एकही गोष्ट आपण तिला धड सांगितली नाही. उद्या कोणी आपल्याबद्दल विचारलं तर ती काय सांगेल? त्याला खरोखरच भीती वाटली.

तासाभरानं बायको परत आली. पाय ओले, पदर ओला, चेहऱ्यावरचा थकवा पार गेलेला. तो उभा राहिला. "काय ठरलं?"

"विचार करायचा राहूनच गेला," ती म्हणाली. "पाणी काय सुंदर आहे हो. पुढच्या रविवारी परत यावं लागेल."

त्या आठवड्यात आलंचनं न सांगता शिलाईच्या मशीनला तेल घातलं, दिवसातून चार वेळा गुडघ्याची चौकशी केली आणि शनिवारी दुपारीच दुकान बंद करून स्कूटरमध्ये पेट्रोल भरून आणलं. बायकोनं मात्र त्या विषयावर चकार शब्द काढला नाही.