अर्ध्या पोत्याचा नंबर

अठरा फेब्रुवारीला आमच्या शेतकरी कंपनीच्या खरेदी केंद्रावर तूर चाळून काट्यावर घ्यायचं काम माझ्याकडे होतं. सगळ्यांत आधी शांताबाई आल्या, डोक्यावर अर्धं पोतं घेऊन. पण ट्रॅक्टर आत शिरला की त्या आपोआप बाजूला सरकायच्या.

एक ट्रॉलीवाला म्हणाला, "मावशी, एवढ्यासाठी कंपनी कशाला? वरण करून खा की."

"खाल्लं असतं रे. पण शेअर घेतलाय, मीही कंपनीची मालकीण आहे म्हणे," असं म्हणून त्या आणखी मागे सरकल्या.

संध्याकाळी काटा बंद झाला. त्या पोतं उचलून गावातल्या व्यापाऱ्याकडे निघाल्या. भाव कमी, पण तिथे रांग नसते.

"उद्या या," मी म्हटलं.

"उद्या काय ट्रॅक्टर येणार नाहीत होय?" असं म्हणाल्या, तरी व्यापाऱ्याकडे न जाता पोतं घेऊन घराकडे वळल्या.

मोठ्यांना बाजार होताच. कंपनी आम्ही काढली अर्ध्या पोत्यांसाठी. पण येताना बाजाराची रीत सोबत आणली: मोठ्या चाकाचा नंबर आधी. ती मोडायला सभा कशाला हवी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रॉल्या फाटकाबाहेरच थांबवल्या आणि डोक्यावरून आलेला माल आधी काट्यावर घेतला. पहिलं पोतं शांताबाईंचं. बाहेर हॉर्न वाजत होते, ते वाजू दिले.