विहिरीच्या पाठावर उघडणारी पुस्तकं

आमच्या वर्गातलं कुठलंही नवं पुस्तक तरटपट्टीवर ठेवा, बोट लावू नका, नुसतं सोडून द्या... ते आपोआप विहिरीच्या पाठावर उघडायचं. थंडीतली सकाळ, कौलांच्या फटीतून उतरलेली उन्हाची तिरपी पट्टी, तिच्यात तरंगणारी खडूची धूळ, आणि रांगेनं मांडलेली तिसरीची नवी वाचनाची पुस्तकं — सगळी एकाच पानावर, सगळ्यांत तीच विहीर, तोच रहाट, काठाशी घागर घेऊन उभी असलेली तीच बाई. लोकांना बालपण आठवलं की गहिवरून येतं म्हणतात. मला हे दृश्य आठवतं, आणि गहिवराच्या आधी येतो तो संशय. तेव्हाही आला होता. तेव्हा तो शब्द मला माहीत नव्हता, एवढंच.

आमची शाळा नागपुरातल्या संत्र्याच्या बाजारामागची. हिवाळा आला की सगळ्या गल्लीला वाळक्या गवताचा, ताज्या चिरलेल्या लाकडाचा आणि फुटक्या संत्र्यांचा आंबूस वास यायचा. वर्गात बसलं की बाहेर पेट्यांवर पडणारे हातोडे ऐकू यायचे, आणि त्या ठोक्यांवरच जणू आमचं वाचन चालायचं. झाडे गुरुजी एक ओळ म्हणायचे, शशी ती ओळ उचलायची, आणि शशीच्या मागून सगळा वर्ग. “आमच्या शेतात एक विहीर आहे...” ठक्. “विहिरीचे पाणी गोड आहे...” ठक्. जून महिन्यात नवीकोरी पुस्तकं आली, त्यांचा तो शाईचा, खळीचा, जरा उग्र पण हवाहवासा वास अजून गेला नव्हता, तेव्हाच गुरुजींनी प्रत्येक पुस्तक स्वतःच्या मांडीवर घेऊन विहिरीच्या पाठावर उघडलं होतं आणि कोपरानं दाबून त्याची पाठ मोडली होती. कड्... कड्... कड्... मला वाटलं, पुस्तकं मऊ करून राहिले. आई नवी चप्पल तेल लावून मऊ करते, तशी.

गुरुजी वाईट माणूस नव्हते. हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कुणाला त्या आडोशाला लपायला नको. त्यांच्या कोटाच्या खिशात पोरांसाठी आवळकंठी, वाळवलेला आवळा, असायची, एखादं पोरगं तापलं तर ते त्याला स्वतःच्या सायकलवर बसवून घरी सोडायचे. पण चांगल्या माणसानं केलं म्हणून ते बरोबर ठरतं, असं मी मानत नाही.

शशीकडे पुस्तक नव्हतं. तिची माय घरी विड्या वळायची. शशीच्या परकराला, वेणीला, बोटांनाही तंबाखूचा तिखट वास असायचा. ती माझ्या शेजारी बसायची आणि माझ्या पुस्तकात पाहायची... पाहायची म्हणजे डोळे तिकडे असायचे. तिचा आवाज असा होता की ऐकणाऱ्याला वाटावं, विहिरीचं ते पाणी खरंच कुठंतरी आहे आणि गोड आहे. एकदा ऐकलं की तिच्या मनात ते कायमचं उमटायचं. स्वल्पविरामाला ती नेमकी थांबायची, कारण गुरुजी तिथं थांबले होते. गुरुजी खोकले असते तर ती तिथं खोकली असती.

“शशे, बोट कुठं ठेवून राहिली? ते तं मागं आहे,” मी एकदा कुजबुजले.

“तू तुह्यं बोट पाह्य. गाणं म्हणताना कोणी जमिनीकडे पाहते काय वं?”

पाठ म्हणणं आणि पाहून वाचणं यातला फरक मला कळत होता, कारण माझे बाबा रोज संध्याकाळी फुटाण्याची पुडी आणायचे. फुटाणे संपले की तेलकट कागद सोडवून माझ्यापुढे धरायचे, “वाच.” त्या कागदावरच्या मजकुराला ना सुरुवात असायची ना शेवट, अर्धी बातमी, कापलेली जाहिरात, कुणाच्या तरी लग्नातलं निम्मं वाक्य. ते पाठ करणं शक्यच नव्हतं. अडखळत, मिठाचे कण चाटत, एकेक अक्षर पकडत जावं लागायचं. आणि वर्गात मात्र कुणी म्हणजे कुणीच अडखळत नव्हतं! चाळीसएक पोरं, आणि एकही ठेच नाही. मला तेव्हापासून न अडखळणाऱ्या माणसांविषयी शंका येते. सभेत बोलणाऱ्यांविषयीसुद्धा.

शाळा तपासायला वर्षातून एकदा मोठे साहेब येत; त्यांना सगळे दिपोटी म्हणत. ते आले त्या दिवशी अंगणात सडा होता, आमच्या डोक्यांवर तेल थापलेलं होतं आणि गुरुजींच्या कोटाची सगळी बटणं लावलेली होती. साहेब दमलेले दिसत होते. त्यांनी खुर्चीवर बसल्याबसल्या पुढ्यातलं एक पुस्तक उचललं, म्हणाले, “कुठूनही वाचा. कुठलंही पान,” आणि पुस्तक सोडलं. ते अर्थातच विहिरीवर उघडलं. मग दुसरं. तेही विहिरीवर. गुरुजींच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. माझ्या डोक्यात मात्र त्या क्षणी लख्ख उजेड पडला — पुस्तकं मऊ करायची म्हणून नव्हतं ते दाबणं, साहेबांच्या हाती तेच पान यावं म्हणून होतं!

मग साहेबांनी शशीला उठवलं आणि आमच्या दोघींमधलं पुस्तक हातात घेतलं. ते माझं. ते नवं नव्हतंच. नरखेडच्या माझ्या मामेबहिणीनं आदल्या वर्षी वापरलेलं, संत्र्याच्या सालीचे डाग पडलेलं. तिनं त्यात पिंपळपान वाळवलं होतं आणि ते जिथं होतं तिथंच ते पुस्तक उघडायचं — उंटाच्या पाठावर. पानभर वाळू, आणि वाळूत मान वर करून उभा असलेला उंट.

शशीनं पुस्तक दोन्ही हातांत धरलं, मान ताठ केली, आणि त्या गोड, निर्मळ आवाजात सुरुवात केली, “आमच्या शेतात एक विहीर आहे...”

साहेब तिच्या शेजारीच उभे होते. त्यांनी पानाकडे पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. त्यांची नजर उंटावर थांबली, मग शशीवर, मग गुरुजींवर, आणि मग मनगटावरच्या घड्याळावर गेली. शशी रहाटापर्यंत पोचली होती. साहेबांनी तिच्या तेलकट डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “शाब्बास! फार स्पष्ट वाचन.” बाहेर चहा आला होता.

मला राग आहे तो इथं. गुरुजींना तपासणीची भीती होती, ती मला समजते. शशीला काय चाललंय हेच कळलं नाही. पण ज्याला सगळं दिसलं, ज्याला विचारण्याचा अधिकार होता, ज्याच्या एका शब्दानं त्या पोरीला कुणीतरी ‘अ’पासून पुन्हा शिकवलं असतं, त्यानं उंटाच्या डोळ्यांदेखत विहिरीला शाब्बासकी दिली. मी मधल्या सुट्टीत गुरुजींना सांगितलं, “गुरुजी, ते पान उंटाचं होतं.” गुरुजींनी आवळकंठीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “खा.”

पण एक माणूस मुकाट बसला नाही. काही दिवसांनी शशीची माय, हात पदराला पुसत, वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

“गुरुजी, एक विचारू काय जी?”

“विचारा बाई.”

“हे पोट्टी घरी मले वाचून दाखवते. काल दिवा गेला, अंधार गुडुप झाला, तं ही वाचतच राहिली! असं वाचणं असते काय जी?”

सगळा वर्ग खो खो हसला. शशीही हसली. माय हसली नाही.

“तिले एक साल अजून तिसरीतच बसवा. मले काही समजत नाही, पण माह्या मनाले पटून नाही राहिलं.”

“अवो बाई,” गुरुजी म्हणाले, “दिपोटी साहेबांनी भर वर्गात तिले शाब्बास म्हटलं. साहेबापेक्षा तुम्हाले जास्त समजते काय? पोरगी हुशार आहे. दृष्ट नका लावू.”

मायनं एकदा शशीकडे पाहिलं. मग गेली. आणि शशी चौथीत गेली, चौथीतून पाचवीत. हुशार ठरलेल्या मुलीला कोण शिकवणार? पाचवीची शाळा वेगळी, मोठी, सिमेंटच्या फरशीची. तिथल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात तिला न शिकवलेला धडा वाचायला सांगितला. ती उठता उठता माझ्या कानाशी लागली, “नंदे, एकदा तू म्हण ना वं... एकदाच.” मी पहिला शब्द सांगितला. बाईंनी ऐकलं, मला दुसऱ्या बाकावर पाठवलं. मग शशी उभी राहिली, पुस्तक दोन्ही हातांत धरून, मान तशीच ताठ... आणि त्या आवाजातून काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी घरी गेले तर ती मायच्या शेजारी बसून विडीची पानं कातरत होती. “आता इथंच बरं आहे,” एवढंच म्हणाली, नजर कात्रीवर ठेवून.

आता मी संध्याकाळी बायकांचे वाचनवर्ग चालवते, दारोदार कागद वाटत फिरते. परवा बेस्याला गेले होते. शहराच्या दक्षिणेचं ते गाव. तिथं शशी दिली आहे. ओसरीवर तिची सात-आठ वर्षांची पोरगी पुस्तक घेऊन बसली होती आणि शशीनं आपला तळवा पसरून पानाचा वरचा भाग, चित्रासकट, झाकून टाकला होता.

“खालून सुरू कर. शेवटच्या शब्दापासून.”

“आई, खालून कोणी वाचते काय वं?”

“आपल्या घरी वाचतेत. चाल.”

मी उंबऱ्याशीच थबकले. पोरगी ओठ चावत उलटी वर चढत होती, एकेक शब्द धापा टाकत. मी हळूच विचारलं, “तुले कसं समजते, बरोबर वाचते का चूक?”

“बरोबर-चूक मले कुठून समजन? पण अडखळते ना, तं पाहून वाचून राहिली. भराभरा चालली, का थांबवते मी.”

“आणि तू? संध्याकाळच्या वर्गाले ये ना शशे.”

तिनं माझ्या हातातला कागद घेतला, घडी केली, कमरेला खोचली. “हिचं होऊ दे आधी.”

तेवढ्यात पोरगी एका जोडाक्षरापाशी अडली. नाकावर घाम आला, पायाचा अंगठा जमिनीत रुतला. तिनं आशेनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, तशी शशीनं माझं मनगट घट्ट धरलं.

“सांगू नको वं. अडू दे तिले.”

पोरीची मान पुन्हा पुस्तकावर गेली. तिचे ओठ हलत होते, आवाज अजून फुटला नव्हता. शशी पानाकडे पाहत नव्हती, पोरीच्या डोळ्यांकडे पाहत होती. अंगणातलं ऊन भिंतीवर चढत गेलं... आम्ही दोघी थांबून राहिलो.